गेलो सरफोजीराजांना भेटायला, भेटला बिशप

घरी येऊन तीन आठवडे झाले, आत्याचा रोज फोन, लिहिलंस का लिहिलंस का, म्हणून शेवटी बसलोच लिहायला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं चेन्नई, तंजावूर आणि तिरुचिरापल्ली करून आलो. मार्चअखेर तामिळनाडूत कोण जातं असं प्रत्येकाने विचारलं. उत्तर असं की आत्याला जायचं होतं. वय एकाहत्तर, इतिहासाची रिटायर्ड शिक्षिका, आणि तिने एकदा ठरवलं की ठरलं.

मूळ प्लॅन फक्त तंजावूरचा होता. मोठ्या देवळाच्या भिंतीवरचा भोसल्यांचा मराठी शिलालेख तिला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा होता. त्यात हा बिशप कुठून घुसला ते आधी सांगतो.

निघण्याआधी, पुणे

आत्याची शाळा कॅम्पात होती, तीस वर्षं रोज सेंट मेरीज चर्चवरून जाणं-येणं. हे चर्च १८२५ मध्ये रेजिनाल्ड हेबर नावाच्या बिशपच्या हस्ते वापरात आलं. तेव्हा पेशवाई जाऊन जेमतेम सात वर्षं झाली होती. हा माणूस भर पावसाळ्यात मुंबईहून भोर घाट चढून, वाटेत कार्ल्याची लेणी बघून पुण्यात आला होता. हुद्दा काय तर कलकत्त्याचा बिशप. आणि कलकत्त्याचा म्हणजे फक्त कलकत्त्याचा नाही बरं का, अख्खा हिंदुस्थान, श्रीलंका, वर ऑस्ट्रेलियासुद्धा त्याच्याच धर्मप्रांतात. एवढ्या सगळ्याला मिळून एक बिशप! आत्या म्हणाली, "अरे, आमच्या शाळेला दोन सुपरवायझर होते, तरी पुरायचे नाहीत."

तिकिटं काढल्यावर ती एकदा सहज म्हणाली, हा हेबर आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यात तंजावूरलाच होता, तिथल्या मराठा राजाला, सरफोजी भोसल्यांना भेटला आणि तिथून त्रिचीला जाऊन वारला. झालं. चार दिवसांच्या ट्रिपचे पाच दिवस झाले.

दिवस पहिला, चेन्नई

सकाळी उतरलो, सामान क्लोकरूमला टाकलं, इडली-पोंगल-कॉफी झाली. पोंगलात तूप इतकं की आत्याने आधी बोटं पुसली आणि मगच चष्म्याला हात लावला. मग रिक्षाने थेट सेंट जॉर्ज कॅथेड्रल. रस्त्याचं नावच कॅथेड्रल रोड, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही.

बाहेर हॉर्नचा कालवा, आणि आत पाऊल टाकलं की पांढरे उंच खांब, वेताच्या बैठकी, लांब दांड्यांचे पंखे. १८१५ च्या आसपासची इमारत आहे. आपल्याकडच्या इतिहासाच्या दृष्टीनेही ही जागा मोठी, कारण २७ सप्टेंबर १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दीड महिना होत नाही तोच, दक्षिणेतल्या अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या) आणि बाकी काही प्रॉटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया काढलं ते इथेच. त्यामुळे हेबर ज्या चर्चचा बिशप होता ते इंग्लंडचं चर्च इथे त्या नावाने आता उरलेलं नाही.

आत हेबरचा संगमरवरी पुतळा आहे, चँट्री या शिल्पकाराने केलेला. मी आपला बघून पुढे निघालो होतो, तर आत्याने हात धरून थांबवलं, आधी बिशपचा चेहरा नीट बघ म्हणाली. चेहरा पाद्र्याचा वाटतच नाही, कॉलेजातल्या कवीचा वाटतो. आणि होताच की कवी. १७८३ चा जन्म, इंग्लंडात चेशरमधलं माल्पस गाव. ऑक्सफर्डला असताना कवितेचं मोठं बक्षीस मिळालं, नंतर मित्राबरोबर रशिया आणि क्रिमियापर्यंत भटकून आला आणि मग हॉडनेट नावाच्या खेडेगावात पाद्री होऊन बसला. त्याची प्रार्थनागीतं आजही जगभरच्या चर्चमध्ये म्हणतात. पण एका गाण्यात त्याने श्रीलंकेचं असं वर्णन केलंय की देश सुंदर, फक्त माणूस नीच. हे त्याने लिहिलं १८१९ मध्ये, इंग्लंडात बसून, पूर्वेकडे पाऊलही टाकलेलं नसताना. हे मला खटकलं ते खटकलंच. आत्याचं म्हणणं पडलं की इकडे आल्यावरच्या डायरीत तो असा बोलत नाही, तिथे त्याला माणसं दिसतात. बायकोने त्याच्या मागे १८२८ मध्ये ती डायरी छापली. आत्याने ती जवळपास सगळी वाचलीय, मी फक्त तिने खुणा केलेली पानं.

एक टिप, कॅथेड्रलला सकाळीच जा. दुपारी बाहेरच्या फरशीवर चप्पल घालूनही उभं राहवत नाही.

दुपार एका थंडगार हॉटेलात जेवणात घालवली (केळीच्या पानावर, तिसऱ्यांदा रसम घेतल्यावर वाढप्याने आत्याला विचारलं, अम्मा कुठल्या?) आणि रात्रीच्या गाडीने तंजावूर.

दिवस दुसरा, तंजावूर

हेबर हेच अंतर मार्चमध्येच, बरंचसं घोड्यावरून आला होता, वाटेत पाँडिचेरी, चिदंबरम, कुंभकोणम करत. आम्ही एसी थ्री टायरमध्ये झोपून आलो आणि तरी पाठ धरली म्हणून कुरकुर केली.

बृहदीश्वराबद्दल मी नवीन काय लिहिणार, हजार वर्षांचं देऊळ आहे, जाऊन बघा. आम्ही साडेसहालाच आत शिरलो आणि ते बरं झालं, कारण नऊनंतर दगड तापतो आणि पाय भाजतात. जाड मोजे ठेवा बरोबर. दुपारी देऊळ बंद असतं, संध्याकाळी परत उघडतं.

शिलालेख आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याच्या बाजूला आहे. १८०३ मध्ये सरफोजींनी कोरून घेतला, भोसले घराण्याचा सगळा इतिहास, मराठीत, देवनागरीत. फोटोत तो मोठा वाटतो, समोर गेल्यावर कळतं की हे प्रकरण भलतंच आहे, ओळीवर ओळ, भिंतभर. आत्याने पर्समधून भिंग काढलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, वर्गात वाचायची तशी. पाच मिनिटांत मागे सात-आठ माणसं. एक तामिळ कुटुंब, दोन कॉलेजची पोरं, आणि पांढरं वेष्टी नेसलेले एक आजोबा. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग मराठीत म्हणाले की तुम्ही वाचताय ते मला समजतंय.

तंजावूर मराठी! वाचलं होतं, कानांनी पहिल्यांदा ऐकलं. शब्द आपले, काही तर पणजीच्या तोंडचे, पण चाल पूर्ण तामिळ, प्रत्येक वाक्य शेवटाला उचललेलं. इथे या लोकांना रायर म्हणतात. आजोबांच्या घरी पाचशे रुपयांची नोट आणि देवळातल्या आरत्या सोडल्या तर देवनागरी कुठेच नाही, भाषा नुसती तोंडातोंडी टिकलेली. दुपारी आग्रहाने जेवायला नेलं. पानात डांगर आलं! उडदाच्या पिठाचं, दह्यातलं, वर मोहरी-हिंगाची फोडणी. आत्याची आई करायची अगदी तसं. आत्या काही बोलली नाही, पण डांगर तीनदा घेतलं. आजी वाढता वाढता तिला "तू कुठली गं" म्हणत होत्या आणि आत्याला "गं" म्हणणारं माणूस मी दहा-बारा वर्षांनी बघितलं.

आजोबांना हेबरबद्दल विचारलं. नाव माहीत होतं, पण त्रिचीच्या कॉलेजचं म्हणून.

दिवस तिसरा, परत तंजावूर

सकाळी राजवाडा आणि सरस्वती महाल, म्हणजे राजांचं ग्रंथालय. दरबार हॉलमध्ये सरफोजींचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे. पुस्तकं, मोडीतले कागद, ताडपत्रं, डोळ्यांच्या आजारांची चित्रं (राजा स्वतः डोळे तपासायचा आणि रुग्णांच्या नोंदी ठेवायचा). १८०६ मध्ये इथल्या छापखान्यात इसापनीती मराठीत छापली होती. पुण्या-मुंबईत मराठी छपाईचा पत्ता नव्हता तेव्हाची गोष्ट.

राज्य म्हणाल तर काहीच उरलं नव्हतं. १७९९ च्या तहाने मुलूख कंपनीकडे गेला, राजाकडे किल्ला आणि आजूबाजूचा थोडा भाग. त्यामुळे राजाकडे वेळ होता आणि डोकं होतंच.

आता त्या भेटीबद्दल. हेबर २५ मार्च १८२६ ला इथे पोचला, दुसऱ्या दिवशी ईस्टर. इथल्या मिशनच्या चर्चमध्ये त्याने उपासना घेतली आणि शेवटचा आशीर्वाद तामिळमध्ये पाठ करून म्हटला, लोक चाट पडले. मग राजाची भेट. त्याने एका मित्राला पत्र लिहून सगळं सांगितलंय आणि ते पत्र वाचताना मला हसू आवरत नव्हतं, कारण बिशप चक्क भारावलाय. तो लिहितो, गेले चार दिवस मी अशा हिंदू राजाच्या संगतीत आहे जो लाव्हाझिए आणि लिनियससारखे शास्त्रज्ञ फडाफड सांगतो, शेक्सपिअरबद्दल याला कवी बायरनपेक्षा जास्त कळतं, इंग्रजीत कविता करतो, आणि वर घोड्याची पारख आणि वाघाची शिकार यातही पक्का. दिसायला म्हणे ससाण्यासारखे डोळे आणि नाक, दाट पांढुरक्या मिशा, एखादा फ्रेंच सेनापती शोभावा असा.

याच्या बरोबर उलटी भेट वर्षभर आधीची. मार्च १८२५ मध्ये गुजरातेत नडियादला हेबर स्वामीनारायण पंथाच्या सहजानंद स्वामींना भेटला होता. स्वामी आले दोनेकशे घोडेस्वार घेऊन, याच्याकडे पन्नासेक. दोन धर्मगुरू आणि मध्ये तलवारी-बंदुका. हेबरला स्वतःचीच लाज वाटली, तसं त्याने लिहूनही ठेवलंय. तिथे धर्माचं बोलणं झालं आणि फारसं कुठे पोचलं नाही. इथे तंजावुरात पुस्तकांचं बोलणं झालं आणि चार दिवस पुरलं नाही.

पण त्या पत्रातली खरी गोष्ट पुढे आहे. राजाचा मुलगा शिवाजी, सतरा वर्षांचा, फिकट, आजारी दिसणारा. याला शिकवायला इथे धड माणूस मिळत नाही अशी राजाने खंत केली. हेबर विरघळला आणि म्हणाला माझ्याबरोबर द्या, दौऱ्यावर येईल, मग कलकत्त्याला माझ्या घरी राहील, मी जातीने अभ्यास घेईन. बापलेक दोघंही खूश, पण दोघांनाही शंका की आई काय म्हणेल. दुसऱ्या दिवशी राणीकडून रेसिडेंटमार्फत (कंपनीचा दरबारातला इंग्रज प्रतिनिधी) अदबीचं पत्र आलं, माझी दोन मुलं आधीच गेली, हा एक उरलाय, हा गेला तर जिवंत परत येणार नाही, आणि मी मरेन.

सरस्वती महालाबाहेर लिंबाच्या झाडाखाली नीरमोर (आपलं ताक, फक्त कढीपत्ता आणि आलं जास्त) पीत आत्याने मला हे सांगितलं आणि म्हणाली, "बाईने नकार दिला तो बरोबरच दिला. हेबरने मित्राला हे पत्र लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. तो पोरगा बरोबर असता तर परक्या गावात मेलेल्या गोऱ्या साहेबाशेजारी उभा राहिला असता."

संध्याकाळी श्वार्ट्झ चर्च. देवळाला लागून शिवगंगा तळ्याच्या बाजूला, १७७९ चं. दुपारी तीनला गेलो तर अर्थातच बंद होतं, चूक आमचीच, पाचला परत गेलो. श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी, सरफोजींना त्यानेच वाढवलं आणि गादीसाठी त्यांची बाजू लावून धरली. आत भिंतीवर फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने केलेलं संगमरवरी शिल्प आहे, सरफोजींनी लंडनहून करून आणलेलं. म्हातारा श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आणि राजा त्याचा हात हातात घेऊन उभा. राजाच्या डोक्यावरची पगडी बघा, शिल्पकार इथे कधी आलेला नव्हता तरी घड्या सुरेख पाडल्यात. मराठा राजा, शेवटपर्यंत हिंदू राहिलेला, एका पाद्र्याच्या उशाशी असा उभा आहे आणि हे चर्चमध्ये लागलंय! मला वाटतं या एका दगडासाठी तंजावूरला यावं.

चर्च दाखवणारे काका तिथलेच, तीन पिढ्या त्याच चर्चमधल्या. त्यांच्याशी बोलताना जातीचा विषय निघाला, मीच काढला. त्या काळी इथल्या ख्रिस्ती मंडळींतसुद्धा वेल्लाळ (इथली वरची समजली जाणारी जात) वेगळे बसायचे, बाकीचे वेगळे. हेबरसमोर तक्रार आली तेव्हा त्याने कडक निर्णय घेतला नाही, चौकशी करू, हळू घेऊ असं धोरण ठेवलं. नंतरच्या बिशप विल्सनने १८३३ मध्ये सरळ हुकूम काढला की जातभेद आत्ताच्या आत्ता आणि कायमचा बंद, आणि मोठं भांडण झालं. हेबर मला आवडायला लागला होता, पण इथे तो मऊ पडला. गोड माणसांचा हाच प्रॉब्लेम असतो. काका म्हणाले, हुकूम निघाला म्हणून सगळं लगेच संपलं असं समजू नका, आणि चावी फिरवून दिवे बंद केले.

दिवस चौथा, त्रिची

तंजावूर-त्रिची गाड्या आणि बस भरपूर, तासा-दीड तासाचं अंतर, रिझर्वेशनच्या भानगडीत पडू नका. बरोबर पाणी घ्या. आम्ही गेलो त्या दिवशी हवा हलत नव्हती, बसच्या खिडकीची पट्टी हाताला चटका देत होती.

स्टँडवर रिक्षावाल्याला म्हटलं बिशप हेबर. त्याला कळेना. आत्याने पुन्हा सावकाश म्हटलं. एकदम चेहरा उजळला, "ईबर! ईबर!" आणि सुसाट सुटला. ऊन, ट्रॅफिक, एक उड्डाणपूल, आणि वीस मिनिटांनी गाडी थांबली ती एका भल्यामोठ्या कॉलेजच्या गेटवर, आत पोरापोरींचे थवे. बिशप हेबर कॉलेज. बरोबरच आहे म्हणा, त्रिचीत ईबर म्हणजे कॉलेज. माझ्या मोडक्या इंग्रजीत आणि त्याच्या मोडक्या हिंदीत समजावलं की आम्हाला मेलेला ईबर पाहिजे. तो म्हणाला, "ही डेड?" अगदी आत्ताच बातमी कळल्यासारखा. मग वॉचमन, मग कॅन्टीनवाला, मग एक प्राध्यापिका अशी परिषद भरली आणि बाईंनी तामिळमध्ये त्याला पत्ता नीट सांगितला. सेंट जॉन्स चर्च, कँटोन्मेंट. टिप हीच की त्रिचीत बिशपचं नाव घेऊ नका, चर्चचं नाव घ्या.

चर्च साधं आहे, पांढरं, आवारात झाडं आणि जुन्या कबरी, बहुतेक सोल्जरांच्या. कबरींवरची वयं वाचत गेलं की पोटात कालवतं, बावीस, एकोणीस, काही तर तान्ही बाळं. हेबर आत आहे, वेदीच्या उत्तरेला, फरशीखाली.

२ एप्रिल १८२६, रविवार, याच चर्चमध्ये त्याने प्रवचन दिलं. सोमवारी पहाटे किल्ल्यातल्या तामिळ चर्चला गेला, तेही श्वार्ट्झनेच बांधलेलं, तिथे तामिळ लोकांचं कन्फर्मेशन (बाप्तिस्मा झालेल्यांना बिशपने चर्चमध्ये पक्कं करण्याचा विधी) केलं, बाहेर जमलेल्यांशी बोलला, उन्हं चढायला लागल्यावर उतरला होता त्या बंगल्यावर परत आला. त्याची एक सवय होती, भाषण झालं की त्या कागदामागे गाव आणि तारीख लिहायची. लिहिली, त्रिचिनापोली, ३ एप्रिल १८२६. कागद ठेवला, कपडे काढले आणि बंगल्याच्या थंड पाण्याच्या हौदात उतरला. आदल्या दोन दिवशी पण तिथेच आंघोळ केली होती. अर्धा तास झाला तरी बाहेर येईना म्हणून नोकर आत गेला. वय बेचाळीस. बायको आणि दोन लहान मुली कलकत्त्यात.

हिंदुस्थानात येऊन पुरी अडीच वर्षंही झाली नव्हती, ऑक्टोबर १८२३ ते एप्रिल १८२६, आणि त्यातला निम्म्याहून जास्त काळ बोटीत, तंबूत नाहीतर घोड्यावर. त्याच्याआधीचा बिशप मिडलटन १८२२ मध्ये गेला, याच्यानंतरचा जेम्स १८२८ मध्ये, त्याच्यानंतरचा टर्नर १८३१ मध्ये. नऊ वर्षांत चार बिशप! मग कुठे लंडनला अक्कल आली, १८३५ ला मद्रास आणि १८३७ ला मुंबई असे वेगळे धर्मप्रांत केले.

आम्ही आत बसलो तेव्हा एक मुलगी ऑर्गनवर कुठल्याशा गाण्याची प्रॅक्टिस करत होती, एकच ओळ, चुकायची, परत पहिल्यापासून. रिक्षावालाही चपला बाहेर काढून आत आला होता, त्याने फरशी बघितली, आत्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "युवर रिलेटिव्ह?" आत्या म्हणाली, "नो नो. आमच्या पुण्याला येऊन गेलेत." तो समजल्यासारखी मान हलवून तिच्याशेजारी बसला, आणि जाताना कॉलेजच्या फेरीचे पैसे घ्यायला काही केल्या तयार होईना.

हॉटेलवर आलो तेव्हा अडीच वाजले होते. घामाने दोघंही निथळत होतो, नळाचं पाणी छान गार होतं, मी बादली भरायला लावली आणि आत्याला म्हटलं तू आधी जा. तिने बादलीत बोट बुडवून बघितलं आणि म्हणाली, "गीझर लाव."